चर्च जळालं, तेव्हा तोफा कुठे होत्या?

अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धाचा एक फोटो सध्या फिरतोय. जळालेल्या चर्चच्या उभ्या भिंती, पुढे विटांचा खच. खाली मजकूर: ‘चार्ल्स्टन, १८६५. उत्तरेच्या तोफांनी बेचिराख केलेलं शहर. मॅथ्यू ब्रेडीनं ऐन लढाईत टिपलेलं. या एका फोटोत साऱ्या किनाऱ्याची कहाणी आहे.’

फोटो अस्सल आहे, दक्षिणेच्या चार्ल्स्टन बंदराचाच. मजकुरात मात्र गाव आणि साल सोडलं तर धड काही नाही.

आधी तोफा. फोटोतलं ते सर्क्युलर चर्च जळालं ११ डिसेंबर १८६१ च्या रात्री, शहरात लागलेल्या आगीत. त्या आगीनं एका नदीपासून दुसऱ्या नदीपर्यंत सुमारे ५४० एकरांचा पट्टा खाल्ला. उत्तरेची फौज तेव्हा पोर्ट रॉयलला, साधारण ८० किलोमीटर लांब. शहरावर गोळे पडू लागले ते ऑगस्ट १८६३ मध्ये, बंदराच्या तोंडाशी असलेल्या मॉरिस बेटावरून. वीस महिन्यांचं अंतर आहे! ज्या इन्स्टिट्यूट हॉलमध्ये अमेरिकेतून फुटून निघण्याच्या ठरावावर सह्या झाल्या, तोही वर्ष भरायच्या आत याच आगीत गेला. युद्धाच्या धामधुमीत पुन्हा बांधणार कोण? पडझड तशीच राहिली आणि १८६५ मध्ये कॅमेऱ्यापुढे आली. गोळ्यांनी काहीच झालं नाही, असं नव्हे. दक्षिण टोकाची वस्ती ओस पडली, बंदरातल्या समटर किल्ल्याचा तर ढिगाराच झाला. पण हे चर्च जळाल्याचा दोष त्या तोफांकडे जात नाही.

‘ऐन लढाईत’ म्हणाल, तर फेब्रुवारी १८६५ मध्ये दक्षिणेचं सैन्य शहर सोडून गेलं होतं. शिवाय तेव्हा काचेवर रसायन चढवून, ती ओली असतानाच फोटो काढून धुवावा लागे. हलती माणसं पुसट व्हायची. सप्टेंबर १८६३ मध्ये जॉर्ज कुकनं समटरवरून गोळाफेक करणाऱ्या चिलखती नौका टिपल्या, तो विरळा अपवाद.

या युद्धाचा फोटोग्राफर म्हणून ब्रेडीचं नाव मोठं, म्हणून सगळं त्याच्या नावावर खपतं. १८६५ मधल्या चार्ल्स्टनच्या पडझडीचे गाजलेले फोटो जॉर्ज बर्नार्डचे आहेत.

राहिली ‘साऱ्या किनाऱ्याची कहाणी’. ती या एका फोटोत मावत नाही. नोव्हेंबर १८६१ मध्ये पोर्ट रॉयल पडलं, तसे जवळच्या ब्यूफर्टचे मळेवाले पळाले. गुलाम मागेच राहिले. १८६२ मध्ये टिमोथी ओसुलिव्हननं तिथल्या स्मिथच्या मळ्यावर एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या पाच पिढ्या खोपटापुढे उभ्या केल्या. मालक गेलेला, आणि हे कुटुंब कॅमेऱ्यापुढे.