जुन्या पुस्तकाचा काटा काढायचा असेल तर

प्रकाशक नावाची जमात मोठी हट्टी. नवं पुस्तक चार महिन्यांत मांडणीवरून उतरतं, ते रीतसर झालं. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं पुस्तक पुन्हा पुन्हा छापून हे लोक गोदाम अडवून बसतात, म्हणजे काय? हा प्रकार बंद पाडणं सर्वस्वी तुमच्या हातात आहे. मोर्चाबिर्चा काही लागत नाही.

सुरुवात अभिमानापासून करा. खांडेकरांचा जन्म सांगलीतला, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, देवलांची 'शारदा' १८९९ची, हे आल्यागेल्याला सांगत राहा. कुणी 'घरात आहे का त्यातलं एखादं?' विचारलंच, तर २०१९च्या महापुराकडे बोट दाखवा. तिसऱ्या मजल्यावर राहत असलात तरी चालतं, उलटतपासणी कुणी घेत नाही.

मग दुकानात जा. 'फकिरा' उचला, किंमत बघा, 'कितीला देणार?' विचारा. सातारकरांनी हे कंदी पेढे घेऊन झाल्यावर करावं. पेढ्यावरचा ५ टक्के जीएसटी निमूट भरलेला असतो. पुस्तकावर जीएसटी शून्य, म्हणून निदान वीस टक्के सूट मागायचा आपल्याला हक्क पोचतो. दुकानदार दहावर आला की 'ऑनलाइन स्वस्त पडतं' म्हणून पायऱ्या उतरा. ऑनलाइनही घ्यायचं नाही बरं का.

याचा परिणाम किती लांबवर जातो, ते ऐका. जुन्या पुस्तकाचा मजकूर जुळवून झालेला असतो, मुद्रितं तपासून झालेली असतात, लेखकाचं नाव वेगळं सांगावं लागत नाही. खर्च काय तो कागद, छपाई, बांधणी आणि वारसांचं मानधन. त्यातून सुटलेल्या पैशांवर प्रकाशक एखाद्या अनोळखी कवीचा संग्रह काढायचं धाडस करतो. म्हणजे जुन्याचा खप आटवला की नव्याचाही परस्पर बंदोबस्त होतो! शिवाय घाबरलेला प्रकाशक हजाराऐवजी डिजिटल छपाईवर शंभरच प्रती काढतो, प्रतीमागे खर्च वाढतो, किंमत चढते, आणि मराठी पुस्तकं किती महाग झालीत हे म्हणायला तुम्ही मोकळे.

एवढ्यावरही पुस्तक तग धरून असेल, तर पीडीएफ. इथे थोडा कायदा माहीत हवा. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११पासून कुणीही छापावं. मर्ढेकर १९५६ साली गेले, ते २०१७पासून खुले. असलं काही पाठवू नका, त्यात कसला पराक्रम? खांडेकर गेले १९७६ साली, हक्क २०३६ अखेरपर्यंत. तोवर 'ययाति'साठी थांबायचं कुणी? सकाळच्या सुविचाराखाली पाठवून द्या, वर 'वाचनसंस्कृती जपूया' लिहा. नमस्काराचे हात ढीगभर येतील. फाइल उघडणार कुणी नाही, पण पुस्तक 'आपल्याकडे आहे' हे समाधान दोनशे घरांत पोचतं, आणि दुकानाची वाट तेवढी मोडते.

वाचनालयातून आणलेली प्रत परत करायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

पुस्तक एकदाचं मिळेनासं झालं, की खरा मोसम सुरू होतो. संक्रांतीला औदुंबरच्या संमेलनाला जा. तिळगूळ घ्या, कृष्णाकाठचं कोवळं ऊन घ्या आणि मंचावरून उतरलेल्या प्रकाशकाला गाठून जरा मोठ्याने विचारा : 'आपलं अभिजात साहित्य तुम्ही लोक उपलब्ध का ठेवत नाही हो?' २०२४मध्ये भाषेला दर्जा मिळाल्यापासून 'अभिजात' शब्दाला वजन आलंय, तो गाळू नका.

यात धोका एकच. एखादा भाबडा प्रकाशक मनावर घेतो, पुनर्मुद्रण काढतो आणि प्रत ठेवलीय म्हणून तुम्हाला फोन करतो. तेव्हा 'जुन्या आवृत्तीचं मुखपृष्ठ काय होतं राव!' एवढं म्हणायचं आणि रेंज जाऊ द्यायची.