रात्री जागणारं सोनेगाव

नागपूरच्या विमानतळावरचा तुमचा लेख छान, पण या सोनेगावच्या विमानतळाची गोष्ट तुम्ही २००५ च्या नामकरणापासून (डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ) आणि मिहान या मालवाहतूक-उद्योग प्रकल्पापासून सुरू केली, हे काही पटलं नाही बापा. आमच्या पिढीसाठी खरं सोनेगाव म्हणजे रात्रीचं टपाल. १९४९ मध्ये ही सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीनंतर चारही इथं जमायची. थैल्यांची अदलाबदल झाली की जो तो आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी मद्रासला! प्रवासीसुद्धा इथंच विमान बदलायचे. नागपूर देशाच्या मधोमध असल्याचा असा रोकडा फायदा पुन्हा क्वचितच झाला असेल.

बाबा टपालात होते. रात्रपाळी संपवून ते सायकलनं खामल्याला परतायचे, तेव्हा त्यांच्या बोटांना थैल्यांवर मोहोर लावायची लाख चिकटलेली असायची. आई ती खोबरेल तेलानं सोडवायची आणि वर बोलणीही ऐकवायची.

टपालाच्या आधी, दुसऱ्या महायुद्धात ही धावपट्टी ब्रिटिश हवाई दलाकडे होती. टपालाची सेवा १९७३ मध्ये बंद पडली आणि पुढं आपल्या वायुसेनेची अजस्र मालवाहू आयएल-७६ विमानं इथं आली. ते धूड घरावरून गेलं की भांडी वाजायची.

आता नव्या टर्मिनलात चहाचे दर बघून पोट आपोआप भरते, पण रात्रीच्या टपालाची साधी पाटीही मला तिथं दिसली नाही. कुणाला दिसली असेल तर सांगा.