हा कोण, तो कोण

दिवाळी उरकली की माझ्या मेहुण्याच्या अंगात पक्षी येतात. यंदा मंदारनं अलिबागजवळच्या आक्षीचा किनारा ठरवला, तोही नेमका संकष्टीला.

पक्ष्यांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांच्या कपड्यांबद्दल आहे. सँड प्लोव्हर, म्हणजे आपला चिखल्या, उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडे विणीला जातो तेव्हा छातीवर झकास तांबूस पट्टा मिरवतो. हिवाळ्यात इकडे येताना मात्र वरून नुसता राखाडी-तपकिरी. शेरवानी तिकडे, बनियन आमच्याकडे!

"भाऊजी, हा लेसर, म्हणजे धाकटा चिखल्या, की ग्रेटर, म्हणजे थोरला? पाय बघा, हिरवट असले तर ग्रेटर."

पाय चिखलात.

"मग चोच बघा. ग्रेटरची लांब."

कोणापेक्षा लांब? तर शेजारच्यापेक्षा. आणि शेजारचा कोण, ते अजून ठरायचंय. त्यात 2023 मध्ये शास्त्रज्ञांनी लेसरचीही वाटणी करून सैबेरियन आणि तिबेटन अशी दोन बिऱ्हाडं थाटून दिली.

बरं, पक्षी जवळ तरी असावेत! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोकणात शेंबडं पोरही सांगेल. चतुर्थी म्हणजे तीनची भरती, नऊची सुकती. आम्ही पोचलो बरोब्बर नऊला. समुद्र पार तिकडे आणि पक्षी त्याच्याही कडेला. शिवल्या वेचणाऱ्या एका मावशींनी काळजीनं विचारलं, "काय हरवलं का हो?"

"पक्षी बघतोय."

"मग दुपारच्याला यायचं ना. पाणी चढलं की येतात ते आपसूक जवळ."

मंदारला हे इतकं पटलं की आम्ही दुपारपर्यंत तिथंच थांबलो. सुरूच्या बनापलीकडून कुणाच्या तरी तव्यावरच्या सुरमईचा वास येत होता आणि माझा उपास चंद्रोदयापर्यंत. गावात रस्त्याकडेला शके 934 चा शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्यांपैकी मानला जातो. म्हटलं, तो बघू, तो निदान उडत नाही. पण मंदार दुर्बिणीतून डोकं काढेल तर शपथ.

पाणी चढलं. थवा खरोखरच जवळ आला. एक पाय धुऊन स्वच्छ वर निघतोय, मंदारनं श्वास रोखलाय, तेवढ्यात किनाऱ्यावरचं एक कुत्रं आनंदानं त्या थव्यात घुसलं.

"पंखावरची पांढरी पट्टी बघा, पट्टी!" मंदार ओरडला. मला शेपटी दिसली. कुत्र्याची.

शेवटी त्यानं मोबाइल काढून ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या ॲपवर, काहीतरी टिपलं. वाकून पाहिलं, तर 'लेसर किंवा ग्रेटर, दोहोंपैकी कोणीतरी' अशी नोंद करायची तिथं रीतसर सोय आहे. ही सोय आहे हे आदल्या रात्री कळलं असतं, तर एवढी नोंद मी अंथरुणातूनच करून दिली असती.