‘आधी पुस्तक उघडा’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार,

ट्रायमिथिलसिलिल कार्बीनवर (दोनच बंध असलेला, इलेक्ट्रॉनांना भुकेला कार्बन आणि त्यावर तीन मिथिलांचा सिलिकॉन) मी लेख लिहिला. त्यात सिलिकॉनवरचा एक मिथिल गट कार्बनवर सरकतो असं म्हटलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत: ‘सिलिकॉन कार्बीनला स्थिर करतो, मग मिथिल सरकेलच कशाला? आधी पुस्तक उघडा, मग पोरांना शिकवा.’ कोल्हापुरात आम्हीही तोंडावर बोलतो, पण आधी चहा सांगतो. सतरा वर्षं एमएस्सीला हेच शिकवतोय. पुस्तक उघडलेलंच आहे, पानं सुटायला आलीत.

एक चूक कबूल. हे कार्बीन ज्यापासून बनवतात त्या डायझो संयुगाचं (कार्बनवर जोडनायट्रोजन असलेल्या) २ मोलर द्रावण ‘फक्त ईथरमध्ये मिळतं’ असं लिहिलं होतं, ते हेक्झेनमध्येही मिळतं. दुरुस्त केलंय.

आता तुमचं ते वाक्य. सिलिकॉन बसलाय कुठे, हे न विचारताच तुम्ही निकाल देऊन मोकळे! तो बीटा जागेवर, म्हणजे शेजारच्या कार्बनवर असेल, तर कार्बन-सिलिकॉन बंधाचे इलेक्ट्रॉन कार्बीनच्या रिकाम्या पी ऑर्बिटलकडे, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागेकडे, झुकतात. तुम्ही पाठ केलेलं स्थैर्य ते हे. आणि हाच झुकाव पुढे गेला की अख्खा सिलिल गट उठून पलीकडे जातो. म्हणजे स्थैर्य मिळालं म्हणून पुनर्रचना थांबते, हे तिथेही खरं नाही.

माझा लेख अल्फा, म्हणजे थेट कार्बीनच्या कार्बनवरच बसलेल्या सिलिकॉनवर होता. तिथे सिलिकॉनकडे नायट्रोजनसारखी द्यायला मोकळी जोडी नसते, कार्बीन उपाशीच राहतं. या कार्बीनची मूळ अवस्था ट्रिप्लेट, म्हणजे बंधात नसलेले दोन इलेक्ट्रॉन सुटे सुटे. सिंग्लेटमध्ये, म्हणजे ते दोन जोडीत असताना, मात्र सिलिकॉनवरचा मिथिल कार्बनवर उडी घेतो आणि १,१,२-ट्रायमिथिलसिलीन तयार होतं (सिलीन म्हणजे सिलिकॉन-कार्बन दुहेरी बंधाचं संयुग). ८ केल्व्हिनच्या आर्गॉनमध्ये गोठवून ते १९७६ सालीच पाहिलं गेलंय. मोकळं सोडलं की दोन रेणू जुळून चौकोनी डायसिलासायक्लोब्युटेन होतं.

‘मिथेनॉल टाकून मास बघा, कार्बीनच दिसेल’ म्हणे! मास म्हणजे रेणूचं वस्तुमान दाखवणारा स्पेक्ट्रम. साहेब, इथेच फसाल. सिलीनला मिथेनॉल जोडलं गेलं तर एथिलडायमिथिलमिथॉक्सिसिलेन, कार्बीन सरळ मिथेनॉलच्या ओ-एच बंधात घुसलं तर मिथॉक्सिमिथिलट्रायमिथिलसिलेन. दोघांचं रेणुवस्तुमान ११८! प्रोटॉन एनएमआर घ्या, म्हणजे कोणत्या जागी किती हायड्रोजन ते दाखवणारा स्पेक्ट्रम. सिलिकॉनवरच्या मिथिलांचे हायड्रोजन ६ की ९ ते मोजा. त्याच्या पट्टीवर ०.६ पीपीएमजवळ चार फाट्यांचा सीएच-टू दिसला तर मिथिल सरकलेला आहे. त्याऐवजी ३ च्या आसपास २ हायड्रोजनचा एकेरी सिग्नल असेल तर सरकलेला नाही. आणि मिथेनॉलात आम्लाचा अंश राहिला तर डायझोलाच प्रोटॉन चिकटतो, नायट्रोजन निघून जातो आणि कार्बीन न होताच वरच्या दोनांतलं दुसरं संयुग, मिथॉक्सिमिथिलट्रायमिथिलसिलेन, हाती लागतं. वर सिलिल गट सुटून डायझोमिथेन होतं ते वेगळंच. विषारी आणि स्फोटक. वाफा ओढून घेणारं हूड चालू ठेवा.

सिलिकॉन-कार्बन दुहेरी बंध ‘कागदावरच असतो’ या शेऱ्याला इतकंच: कॅनडातले रसायनशास्त्रज्ञ ब्रूक यांच्या गटाने १९८१ साली घन सिलीन वेगळं करून दाखवलंय. आकृत्या आणि शुद्धलेखनावरचे टोमणे सोडून देतो.

तुमच्याकडे स्पेक्ट्रम असेल तर टाका. नुसती प्रतिक्रिया नको, इंटिग्रेशनसकट, म्हणजे हायड्रोजनच्या मोजणीसकट टाका.