गाडीत बसून हुरडा खात नसतात, राजेहो

आज दुपारी नागपूरजवळ काटोल रोडवरच्या एका कृषी पर्यटन केंद्रात फोन लावला. त्यांची जाहिरात सकाळपासून माझ्यासमोर फिरून राहिली होती: हुरडा, बैलगाडी, संत्र्याची बाग, चुलीवरचं जेवण, सहकुटुंब या! मी एवढंच विचारलं की व्हीलचेअर आतपर्यंत जाते का आणि संडास कसा आहे. तिकडचा पोरगा भलता उत्साही. "टेन्शनच नका घेऊ ताई, आमची चार पोरं आहेत, उचलून घेतील!"

फोन ठेवला तेव्हापासून डोकं तापलंय.

हे 'उचलून घेतील' आम्ही मागच्या हिवाळ्यात भोगलंय. दुसऱ्या एका ठिकाणी, नाव घेत नाही. माझा दादा अपघातानंतर व्हीलचेअरवर असतो. त्याआधी घरची संत्र्याची बाग त्यानंच सांभाळली. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरण्यात, म्हणजे संत्र्याचं कलम करण्यात, त्याचा हात धरणारा आमच्या गावात कोणी नव्हता. बाग विकून आम्ही नागपुरात आलो. त्याला झाडं बघायची होती, बस, बाकी काही नाही. गेटच्या आत सगळी काळी माती, त्यात आदल्या दिवशीचं ओलित. खुर्चीची पुढची चाकं तिथेच रुतली. मग पोरांनी त्याला एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. अर्ध्या वाटेत एकाचा पाय सटकला. बाजूला कोणीतरी मोबाइलवर शूटिंग करत होतं. दादा म्हणाला, "खाली ठेवा मला. मी गाडीतच बसतो."

आणि हुरडा गाडीत आला. द्रोणात, गार झालेला, बाजूला शेंगदाण्याची चटणी.

वाणीचा, म्हणजे खास हुरड्याच्या ज्वारीचा हुरडा काय गार खायचा असतो? आगटीभोवती, त्या विस्तवाभोवती बसायचं, गोवऱ्यांवर भाजलेलं कणीस हातावर चोळायचं, चटके खात, फुंकर मारत तोंडात टाकायचं. कोणीतरी आजोबांच्या वेळच्या चोरीची गोष्ट काढतं, कोणाच्या तरी पांढऱ्या शर्टाला काजळी लागते, सगळे हसतात. त्या हसण्याचेच तर पैसे घेता ना तुम्ही? नुसते दाणे तर सीताबर्डीच्या बाजारातही मिळतात.

सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? दादा त्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायला नव्हता. जिथे संडासाचा भरवसा नाही तिथे जायचं असलं की तो पितच नाही. मला हे संध्याकाळी कळलं, वहिनीकडून.

2016 साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात 21 प्रकारचं अपंगत्व धरलंय आणि लोकांची ये-जा असलेल्या खासगी जागाही त्यात येतात. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारला ठणकावलं की सुगमतेचे, म्हणजे दिव्यांगांना सगळीकडे सहज वावरता यावं यासाठीचे नियम नुसते सल्ल्यासारखे ठेवू नका, बंधनकारक करा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 चं. दर 16 मे ला कृषी पर्यटन दिन, हारतुरे, भाषणं. आणि काटोल रोडवर उत्तर काय? चार पोरं!

हो, माहीत आहे मला, शेतकऱ्याचे हाल आहेत. बांगलादेशानं आपल्या संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवलं तेव्हापासून संत्र्याचं काय झालं ते आम्हाला कोणी शिकवू नये. त्याच्या डोक्यावर आणखी एक खर्च कशाला, हे म्हणणं मला कळतं. पण खर्च तरी केवढा? पार्किंगपासून आगटीपर्यंत चार फूट रुंद मुरमाची वाट, पाणी मारून चांगली दाबलेली. मुरूम तुमच्याच भागात निघतो. सहा इंचांची पायरी असेल तर सहा फुटांचा उतार, म्हणजे एकास बारा. संडासाचं दार तीन फुटी, बाहेर उघडणारं, आत एक कमोड आणि भिंतीत पक्की दांडी. एवढंच. सेल्फीसाठी सिमेंटचं भलंमोठं संत्रं उभारायला पैसे निघतात, दांडीला निघत नाहीत?

आणि फक्त चाकांचंच नाही. माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, तिला दिसत नाही. तिला बागेत नेलं तर लांबून हात दाखवत "हे बघा संत्रं" म्हणतात. अरे, तिच्या हातात द्या ना! साल सोलू द्या, पान चुरगळून वास घेऊ द्या. याला तर एक रुपयासुद्धा लागत नाही.

आता थोडं शांत होते. कारण त्या दिवशी आणखी एक झालं होतं आणि ते न सांगणं बरं नाही. दादा गाडीत बसल्या बसल्या समोरच्या झाडांकडे बघत होता. बागेचे मालक, सत्तरीचे असतील, आमची गाडी का उभी आहे ते बघायला आले. दादा म्हणाला, "काका, त्या तिसऱ्या झाडाच्या खोडाला डिंक्या लागलाय, डिंक गळतोय बघा. खरवडून बोर्डो पेस्ट लावा, आळ्यात पाणी साचू देऊ नका." काका झाडापाशी गेले, वाकले, परत आले आणि गाडीच्या दाराशी उकिडवे बसले. मग अंबिया आणि मृग बहार, पाण्याचा ताण, कोळशी रोग, सगळं निघालं. जेवणाची हाक आली तरी उठेनात. निघताना मीच त्यांना वाटेचं बोलले, जरा तिखटच. ते म्हणाले, "मले कोनं सांगतलंच नाही ना बाई. पोरगं म्हणे बैलगाडी पाहिजे, मी बैलगाडी आणली."

त्यांच्यावर मला राग धरता येत नाही. ज्यांनी या शेतकऱ्यांना प्रशिक्षणं दिली, प्रमाणपत्रं वाटली, फीत कापली, त्यांच्यावर धरते.

शहरातही काही फार वेगळं नाही. मेट्रोच्या स्टेशनात लिफ्ट आहे, पायाखाली उंचवट्याच्या फरशा आहेत, तिथपर्यंत दादा एकटा जातो आणि त्याचा त्याला केवढा तोरा असतो! पण सावजीत पाटवडी रस्सा खायचा तर दाराशी दोन पायऱ्या, आत टेबलं एकमेकांना चिकटलेली. म्हणून रस्सा पार्सल येतो. तर्री पोहे पार्सल. दादाचं अर्धं नागपूर पार्सलमध्येच येतं.

आणि कृपा करून कमेंटमध्ये "ताई, मग घरीच हुरडा पार्टी करा ना" असं लिहू नका. तुम्ही का नाही करत घरी?

माझ्या यादीत शेतवाले, रिसॉर्टवाले, खानावळवाले बरेच आहेत. तुमच्याकडे यायची आमची फार इच्छा आहे, पैसे पूर्ण देऊ, सवलत नको. फक्त सूर्यास्ताचे फोटो बंद करा. संडासाच्या दाराचा फोटो टाका, टेप लावून. दादाच्या खुर्चीची रुंदी पंचवीस इंच आहे.