पाणी विका, पण मोजू नका

तलाव पाणीवापर संस्थेच्या ताब्यात आला, अध्यक्षपद तुमच्या गळ्यात पडलं आणि १५ ऑक्टोबरला १०० दशलक्ष घनफूट (दलघफू) उपयुक्त साठा आहे. अभिनंदन! आता हे पाणी कोणाला आणि कोणत्या मापाने विकायचं, यावर बैठक बसेल. जाण्याआधी एवढं वाचून जा.

सगळ्यात आधी, शंभरच्या शंभर दलघफू विकायला आहे असं ठोकून द्या. पिण्याच्या आरक्षणाचे समजा १५ गेले, तरी बोलायचं नाही. बाष्पीभवनाचं तर नावच काढू नका. पाण्याचा पसारा ५० हेक्टर असेल आणि उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर उडत असेल, तर रोज ४,००० घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ४०० टँकर, पावती न फाडता जातात. सूर्य सभासद नाही, त्याच्याकडून वसुली कशी करणार?

पिण्याचं आणि उडालेलं वजा जाता शेवटी हातात राहतात समजा ६५ दलघफू. मातीच्या चाऱ्यांमधून त्यातलं निम्मं शेतापर्यंत पोचलं तर नऊ लाख घनमीटर. हेक्टरी एका पाण्याला १,००० घनमीटर धरा: दोन पाण्यांवर हरभरा ४५० हेक्टर निघतो, पाच पाण्यांवर गहू १८०, आणि पाटपाण्याचा ऊस जेमतेम ४०. हा हिशेब फळ्यावर लिहायचा नाही. लिहिलात तर ते ४० हेक्टर कोणाचे, असं कोणीतरी विचारेल, आणि उत्तर संचालक मंडळाच्याच खुर्च्यांवर बसलेलं असेल.

आता माप. सर्वांत सुखाचा मार्ग एकराने विकण्याचा. पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज घ्या, क्षेत्र लिहा, पीक लिहा, झालं. सरी काळजीपूर्वक भिजवणारा आणि बांध फुटेपर्यंत रान तुंबवणारा, दोघांची पाणीपट्टी सारखी. अर्जावर हरभरा आणि रानात ऊस असला तरी पाहायला जाऊ नका. पाहिलंत की पंचनामा करावा लागतो, आणि पंचनाम्यावर सही करायला शेजारी कधीच घरी नसतो.

कोणी फारच न्यायाची भाषा केली तर तासावर विका. घड्याळ पाहिलं की लोकांना मोजल्यासारखं वाटतं. हेडच्या, म्हणजे चारीच्या मुखाकडच्या शेतकऱ्याच्या तासात चारी तुडुंब असते, टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या तासात निम्मीही नसते, कारण मधल्या भरावावरून रात्री डोंगळे, म्हणजे चोरून पाणी ओढणारे पाइप, टाकलेले असतात. दर मात्र तोच. कोरडी चारी भिजून पाणी पुढे सरकेपर्यंतचा वेळ कोणाच्या खात्यावर टाकायचा, हा प्रश्न येईलच. टेलच्या. त्यांना सवय आहे.

तलावाच्या काठावरून उपसा करणाऱ्यांना हॉर्सपॉवरवर आकारा. पाच एचपीची मोटर दहा मीटर उंचीवर जेवढं पाणी फेकते, त्याच्या साधारण एक तृतीयांशच तीस मीटर उंचीवर फेकते. काठावरच्याला तिप्पट पाणी त्याच पैशात! काठावर कोणाची जमीन आहे, हे मी सांगायला नको.

कारखाना किंवा बाटलीवाला आला तर जपून. पाणीच कच्चा माल असलेल्या उद्योगाला दर सर्वांत चढा असतो, पण तो मीटर बसवतो आणि बारा महिने ठरावीक पाणी मागतो. मीटरची लागण वाईट.

खरा धोका घनमापनाचा, म्हणजे पाणी घनमीटरने मोजून देण्याचा. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याने संस्थेला सरकारकडून पाणी घनमीटरनेच मिळतं, म्हणजे ठोक खरेदी मापाने. किरकोळ विक्री तुम्ही एकराने केलीत की दोन्हींतला फरक दरवर्षी तूट म्हणून दिसतो. अहवालात त्याला 'वसुलीतील अडचणी' म्हणायचं. तरीही चारीच्या मुखाशी फ्ल्यूम, म्हणजे प्रवाह मोजायचा अरुंद गाळा, बसवाच असा कोणी हट्ट धरला, तर घाबरू नका, तो निकामी करणं सोपं आहे. मोजपट्टीचं शून्य फ्ल्यूमच्या उंबऱ्याच्या पातळीला हवं. ते चारीच्या तळाशी लावा. प्रवाह पाण्याच्या उंचीच्या दीडाव्या घातात वाढतो, म्हणून २० सेंटिमीटरच्या जागी ३० वाचले तर पाणी दीडपट नव्हे, पावणेदोनपटीहून जास्त दिसतं. खालच्या बाजूचा गाळही काढू नका. पाणी मागे तुंबतं, पट्टीवरचा आकडा फुगतो आणि न मिळालेल्या पाण्याचं बिल संस्थेला येतं. नोंद दिवसातून एकदा, चहाच्या आधी. आवर्तनात, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीत, रात्री पातळी बदलते हे कोणाला माहीत असायचं कारण नाही.

सभासदांची सहल काढायची असेल तर कुठेही न्या, दिंडोरीच्या वाघाड प्रकल्पावर नेऊ नका. तिथल्या पाणीवापर संस्था घनमापनाने पाणी घेतात आणि हिशेब दाखवतात. परतीच्या बसमध्ये फार प्रश्न विचारले जातील.

राहिला वाटपाचा क्रम. नियम टेलकडून हेडकडे भिजवत यायचा आहे. तुम्ही हेडकडून सुरू करा, पाणी संपलं की आवर्तन संपलं. दोन-तीन वर्षांत टेलवाले कर्ज काढून बोअर घेतील आणि सात नंबरचे अर्ज भरणं आपोआप सोडतील. तेव्हा इतिवृत्तात त्यांच्या क्षेत्रासमोर स्वच्छ अक्षरात लिहा: मागणी नाही.