सिंधुदुर्ग ओस पडला म्हणून मोडायचा?

फिरणारा मजकूर थोडक्यात असा: सिंधुदुर्गातली तरुण पोरं मुंबईला गेली, जिल्हा ओस पडला. मूठभर माणसांसाठी कलेक्टर नि झेडपी पोसण्यापेक्षा तो परत रत्नागिरीत घाला. नाहीतर चाकरमान्यांनी जनगणनेत नावं गावाला लावावीत, निधी वाढेल.

घट खरी आहे. २००१ ला ८,६८,८२५, २०११ ला ८,४९,६५१. दहा वर्षांत १९,१७४ माणसं कमी, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आत. त्याच दशकात मुंबई शहर जिल्हा साडेसात टक्क्यांनी आटला. गिरगाव-परळ ओस पडलं असं कुणी म्हटलेलं ऐकिवात नाही.

‘तरुण पोरं गेली’ हे मात्र आकड्यांत बसत नाही. पुरुष २००१ लाही ४ लाख १७ हजारांच्या घरात होते नि २०११ लाही तेवढेच. कमी झाल्या त्या बायका: सुमारे ४ लाख ५१ हजारांवरून ४ लाख ३२ हजारांवर. हजार पुरुषांमागे १०७९ होत्या, त्या १०३६ झाल्या. पूर्वी घो (नवरा) मुंबईत खोलीवर, मनीऑर्डर गावाला, नि भातशेती, गुरं, सासू-सासरे बायकोच्या गळ्यात, अशी रीत होती. आता बिऱ्हाडच नालासोपारा-बदलापूरला हलतं. अर्थात हा आलेले-गेलेले वजा करून उरलेला आकडा आहे. निवृत्त होऊन परतलेले, चिरेखाणीवर नि बागांत राबायला बाहेरून आलेले पुरुषही त्यात आहेत. जाणारे थांबले, असा त्याचा अर्थ नव्हे. आणि १०३६ दाखवून ‘कोकणात मुलीला मान’ म्हणणाऱ्यांनी शून्य ते सहा वयोगट बघावा. तिथे मुलगे जास्त, मुली कमीच आहेत.

आता विलीनीकरण. १ मे १९८१ पूर्वी हेच होतं. दोडामार्गच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी दीडशे किलोमीटरच्या वर रत्नागिरी गाठावी लागे. सिंधुदुर्गाचं मुख्यालय ओरोस त्याच्या निम्म्याहून जवळ. मुख्यालयाचा खर्च वाचेल, मान्य. पण खालची पदं जिल्ह्यांच्या संख्येवर ठरतच नाहीत. प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक द्यावेच लागतात. आरोग्य केंद्र सपाटीवर ३० हजारांना एक, डोंगराळ भागात २० हजारांना एक. दोन जिल्हे एक केले म्हणून वाड्या जवळ येत नाहीत. उलट प्रतिनिधी कमी होतील. कायद्याने जिल्हा परिषदेत कमीत कमी ५० आणि जास्तीत जास्त ७५ सदस्य. आज सिंधुदुर्गात एका सदस्यामागे पंधरा हजारांच्या आसपास ग्रामीण लोक आहेत. एकत्र केलं तर जवळजवळ दुप्पट होतील. शिवाय जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी गोठवलेल्या असताना जिल्ह्याची सीमा हलवता येत नाही.

राहिली नावं लावायची युक्ती. लोभ समजण्यासारखा आहे. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे राज्यात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद असे ८०:१०:१० वाटले जात, आणि वाटपात लोकसंख्येचं वजन मोठं. पण मोजणी राहत्या जागेवर होते, रेशनकार्डावर किंवा मतदारयादीवर नाही. मुंबईत मोजलेला माणूस गावात पुन्हा सांगणं म्हणजे खोटी माहिती देणं. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी झाली, होळी १९ मार्चला पेटली. पालख्या नाचवायला आलेला एकही चाकरमानी त्यात नाही, आणि नसायलाच हवा. पुढची २०२७ च्या फेब्रुवारीत, शिमगा पुन्हा मार्चात.

मोजणीतून खरं गळतं ते वेगळंच. आई बारा महिने गावात, पण थंडीत नातवाकडे डोंबिवलीला गेलेली, दाराला कुलूप. २०११ च्या नियमाने ती मोजणीचे सगळे दिवस बाहेर राहिली तर गावात धरायची नाही, पण त्यातले काही दिवस घरी असली तर गावातच धरायची. प्रगणकाला ते कळणार कसं? शेजाऱ्यांकडून. तेव्हा किल्ली ज्यांच्याकडे ठेवता, त्यांना परतायची तारीखही सांगून ठेवा.